आजी 'कलेक्टर हो' म्हणते तेव्हा

प्रिय चिनू,

काल आजीनं फोनवर "मोठी हो, कलेक्टर हो" असा आशीर्वाद दिला आणि नंतर तू विचारलंस, "एका सरकारी नोकराचं आपल्याकडे एवढं काय? इथे अमेरिकेत असं कुणी म्हणत नाही." मला ते जरा लागलं, कारण प्रश्न बरोबर आहे.

इथे तसा माणूसच नाही गं. काउंटीत शेरीफ बहुतेक ठिकाणी निवडून येतो, शाळा वेगळ्या मंडळाकडे, कर आणखी कुणाकडे. आपल्याकडे जमीन महसूल, कायदा-सुव्यवस्था, पूर-दुष्काळ, निवडणुका हे सगळं जिल्ह्यात एकाच टेबलावर येतं. सातबाऱ्याचं भांडण तलाठ्यापासून चढत तिथपर्यंत जातं. म्हणून ते पद घराघरांत माहीत.

शिवाय तिथे पोचायची वाट. पूर्वपरीक्षा, मग मुख्य परीक्षेचे नऊ पेपर. भाषेचे दोन नुसते पास व्हायचे, उरलेल्या सातांचे १७५० गुण, मुलाखतीचे २७५. म्हणजे बहुतेक गुण देणाऱ्याला तुझं आडनाव दिसतच नाही. ज्या घरांत ओळखपाळख नव्हती, जमीन नव्हती, त्यांना हे दार फार मोठं वाटलं. लाल दिव्याचं आकर्षणही होतंच, ते मी नाकारत नाही.

इथे नवा राष्ट्राध्यक्ष आला की वरच्या सुमारे ४,००० जागा स्वतः भरतो. त्यांतल्या हजाराहून जास्त नावांना सिनेटची मंजुरी लागते. पूर्वी खालच्या नोकऱ्याही पक्षाचीच माणसं वाटून घेत. १८८१ मध्ये पद न मिळालेल्या एकानं राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली, आणि १८८३ मध्ये पेंडल्टन कायद्यानं परीक्षा आल्या. ब्रिटनमध्ये मंत्री बदलतात, खात्याचा सचिव राहतो. आपण तोच साचा घेतला.

पण आपल्या साच्यात एक भोक आहे, आणि आजीला ते कुणी सांगितलेलं नाही. राज्य सरकार आयएएस अधिकाऱ्याला नोकरीतून काढू शकत नाही, बदली मात्र करू शकतं. २०१४ पासून नियमात किमान दोन वर्षांची मुदत आहे, तरी नागरी सेवा मंडळाच्या शिफारशीनं त्याआधीही हलवता येतं. नको असलेल्या अधिकाऱ्याला हात लावायचा नाही, फक्त जिल्हा काढून घ्यायचा. कागद एका ओळीचा असला तरी पुरतो.

दुसरी शंका माझी स्वतःची. पंचविशीतल्या एका क्रमांकावर पुढची तीस वर्षं का ठरावीत? फ्रान्समध्ये हेच झालं. १९४५ च्या 'एना' या प्रशासकीय शाळेत शेवटच्या यादीत जो वर, त्याला वित्त तपासणी किंवा राज्य परिषद, म्हणजे सरकारातल्या सगळ्यांत मानाच्या जागा. तिथून चार राष्ट्राध्यक्ष निघाले, कारण तिथला अधिकारी निवडणूक लढवून हरला तर नोकरीत परतू शकतो. आपल्याकडे आधी राजीनामा द्यावा लागतो. फ्रान्समध्ये लोकांना 'एना'वाल्यांची टोळी वाटू लागली, आणि राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी, स्वतः तिथेच शिकलेले असून, २०२१ मध्ये ती शाळा बंद केली.

तरी आजीच्या पिढीपुढे चिंतामणराव देशमुख होते. १९१८ मध्ये आयसीएसला, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या आयएएसला, पहिले, पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, मग अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला नाकारली म्हणून १९५६ मध्ये मंत्रिपद सोडलं.

तू कलेक्टर व्हावंस असं मी म्हणत नाहीये. पुढच्या फोनवर आजीला मात्र विचार, तिला नेमका कोणता कलेक्टर आठवतो.

तुझी,
आई