वाचक विचारतात : पॉलिश केलेल्या काँक्रीटची जमीन

प्रश्न : सुदामानगरमध्ये तळमजल्यावर पंधरा बाय वीस फुटांची बैठकीची खोली बांधतोय. कोटा फरशी न बसवता काँक्रीटलाच पॉलिश करायचा विचार आहे. मिस्त्री म्हणतात, "कोबा घोटून वरून केमिकल मारलं की झालं." एवढंच असतं का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. घोटलेल्या कोब्याची चमक वरच्या सिमेंटच्या पातळ साईची असते आणि ती वापराने झिजते. इपॉक्सी म्हणजे काँक्रीटवर चढवलेला वेगळा थर. पॉलिशमध्ये मात्र काँक्रीटच हिऱ्याच्या कणांनी घासत गुळगुळीत करतात. त्यामुळे ओतताना झालेली चूक पुढे कुठलंही मशीन झाकत नाही.

सुरुवात मातीपासून करा. आपल्या माळव्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची जमीन सोबत ओढते. ती काढून मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून दाबून घ्या. त्यावर बारीक वाळू आणि मग 250 मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद, म्हणजे ओल वर चढणार नाही. चार इंच जाडीला तुमच्या खोलीत 2.83 घनमीटर काँक्रीट लागेल. एम-25 दर्जाचं 3 घनमीटर मागवा. गाडीतून उतरताना घट्ट वाटलं तरी त्यात पाणी घालू देऊ नका.

घोटताना वर पाणी आलं की कोरडं सिमेंट भुरभुरायची सवय आपल्याकडे फार आहे. ती इथे घातक ठरते. पाणी आत कोंडतं, वरचा थर कच्चा राहतो आणि घासताना पापुद्र्यासारखा सुटतो. वरचं पाणी उडेपर्यंत थांबणं हाच उपाय. भिंती आणि खांबांना काँक्रीट चिकटू नये म्हणून कडेने थर्माकोलची पट्टी ठेवा. कटरने एक इंच खोल रेघा मारून खोलीचे साडेसात बाय दहा फुटांचे चार भाग पाडा. हे काम साधारण 6 ते 18 तासांत व्हावं, उन्हाळ्यात लवकरच. कटर फिरवताना कडेची खडी उपटली, तर अजून थोडं थांबा. उशीर केलात तर काँक्रीट स्वतःच्या मनाने तडकेल.

किमान दहा दिवस पाणी मारा, पण सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे बांध घालून आळी करून त्यांत पाणी भरू नका. त्या आळ्यांच्या रेघा पॉलिशनंतरही दिसतात.

घासाई 28 दिवसांनंतर. आधी धातूत बसवलेले हिरे : 40, 80, 150 नंबर (नंबर जितका मोठा, तितका कण बारीक). हिरे धरून ठेवणारा हा धातू म्हणजे बंध. कठीण काँक्रीटला मऊ बंधाचे आणि मऊ काँक्रीटला कठीण बंधाचे हिरे लागतात. उलटं वाटतं, पण कारण साधं आहे : धातू झिजला तरच नवा हिरा बाहेर येतो. मशीन फिरतंय आणि भुकटी निघत नाही, म्हणजे बंध चुकला. 80 नंतर बारीक छिद्रं भरून घ्या.

मग राळेत बसवलेले पॅड : 100, 200, 400, 800, हवं तर 1500. प्रत्येक नंबर आधीच्याला आडवा फिरवायचा आणि मध्ये भुकटी पूर्ण ओढून घ्यायची. शंभरवरून थेट चारशेवर उडी मारली तर चमक येते, पण संध्याकाळचं तिरपं ऊन खिडकीतून आलं की खालचे गोल ओरखडे स्पष्ट दिसतात. भिंतीलगतचे दोन-तीन इंच मोठ्या मशीनला गाठता येत नाहीत. तिथे हातमशीनने तेच सगळे नंबर फिरवून घ्या, नाहीतर खोलीभर फिकट चौकट उमटते.

मिस्त्री म्हणतात ते "केमिकल" म्हणजे लिथियम किंवा सोडियम सिलिकेट. ते 100 किंवा 200 नंबरनंतर लावतात. काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभाग कठीण होतो. पंधरा-वीस मिनिटं ओलं ठेवून उरलेलं पुसून घ्या. तसंच सुकू दिलंत तर पांढरी पापडी धरते. नुसतं ते मारून चमक येत नाही.

प्रश्न : खडी दिसावी की नाही? – एक वाचक, तिलकनगर

उत्तर : तुमची आवड. अगदी वरवर घासलं तर राखाडी साय राहते, दीड-एक मिलिमीटर गेलं की वाळूचे ठिपके दिसतात, तीन मिलिमीटरच्या पुढे गिट्टी उघडी पडते. आपल्याकडची गिट्टी काळ्या दगडाची, म्हणून काळसर ठिपके येतात. हे मशीन लावायच्या आधीच ठरवा आणि ठेकेदाराकडून कोपऱ्यात दोन फुटांचा नमुना करून घ्या.

प्रश्न : स्वयंपाकघराच्या पॉलिश्ड काँक्रीटवर फिकट डाग आलेत, पुसून जात नाहीत. – एक वाचक, रामबाग

उत्तर : डाग थेंबांसारखे असतील तर ते लिंबू, चिंच, व्हिनेगर यांचे आहेत. आम्ल सिमेंट खातं, म्हणजे तिथली चमकच गेली आहे. साबणाने ती परत येणार नाही. 400 पासून पुढचे पॅड तेवढ्या भागावर फिरवा, खड्डा जाणवत असेल तर 200 पासून. वर डागरोधक लावा. त्याने डाग पूर्ण टळत नाहीत, पुसायला थोडा वेळ मिळतो. संडास-बाथरूमचं आम्लाचं क्लिनर इथे कधीही वापरू नका. कोट्याला पॉलिश करणारे ऑक्झॅलिक पावडर घेऊन येतात, तिलाही नको म्हणा.

पांढरी भुकटी पुन्हा पुन्हा वर येत असेल तर कारण खालची ओल आहे. दीड फूट चौरस पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून 16 तास ठेवा. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडलं तर आधी ओलीचा बंदोबस्त करा, पॉलिशचे पैसे नंतर खर्च करा.