फवारणीचा डबा घंटागाडीत चालते का?

प्रश्न : गावात ग्रामपंचायतीची घंटागाडी सुरू झाली, ओला-सुका वेगळा द्या म्हणते. दुधाच्या पिशव्या, कुरकुऱ्याची पाकिटं अन् फवारणीच्या औषधाचे डबे कशात टाकू? – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, ओलं तर गाडीत देऊच नका, भाजीचे देठ, सालं उकिरड्यावर टाका, फुकटचं खत होते, फक्त त्यात पन्नी जाऊ देऊ नका नाहीतर ते थेट वावरात जाते. दूध गंजात ओतताना पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, लटकता ठेवा, तो इवलासा तुकडा कुठं हरवते पत्ताच लागत नाही. मग पिशवी धुवून वाळवून सुक्यात. कुरकुऱ्याच्या पाकिटात प्लास्टिकवर चकचकीत थर असते म्हणून भंगारवाला घेत नाही, तरी सुक्यातच द्या, चुलीत घालू नका.

औषधाच्या डब्याचं मात्र वेगळं हाय. फवारतानाच तीनदा खळखळून धुवा, ते पाणी पंपातच ओता, विहिरीवर नाही, मग बुडाला भोक पाडा म्हणजे कोणी त्यात तेल-पाणी भरणार नाही (भरतात हो लोक!). हा डबा बाकी सुक्यात मिसळू नका, गाडीवाल्याला सांगून वेगळा द्या, अन् कृषी केंद्रवाला परत घेते का तेही विचारा.