जुनी बोट घेताना कंपनीची वॉरंटी आपोआप मिळते का? ऐरोलीच्या दादांना उत्तर

दादा, तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. ऐरोलीत राहता, बेलापूरला एक १८ फुटी फायबरची बोट बघितलीत, ४० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड म्हणजे मागे बाहेरून लावलेलं इंजिन, दोन वर्षं वापरलेली. मालक म्हणतोय कंपनीची वॉरंटी अजून वर्षभर बाकी आहे, ती बोटीबरोबर येतेच, आणि त्या जोरावर भाव खाली आणत नाहीये. तुम्हाला रविवारी घरच्यांना घेऊन खाडीत गळ टाकायचाय आणि जमलं तर थंडीत फ्लेमिंगो बघायला चार माणसं पैसे घेऊन न्यायचीत. वॉरंटी येते का?

येऊ शकते पण आपोआप येत नाही. आणि तुमच्या त्या फ्लेमिंगोवाल्या वाक्यातच खरी मेख आहे, त्यावर खाली येतो.

आधी डोक्यातून एक काढून टाका की बोटीची वॉरंटी म्हणून एक काहीतरी असतं. आपल्याला गाडीची सवय, एकच कंपनी, एकच पुस्तक. बोटीत तसं नसतं. हल म्हणजे खालचं फायबरचं अंग एकाने बनवलेलं, इंजिन दुसऱ्याचं, मासे शोधायचा फिशफाइंडर तिसऱ्याचा, बॅटरी चौथ्याची, ट्रेलर असला तर तो पाचव्याचा. प्रत्येकाचं कार्ड वेगळं, तारीख वेगळी, नाव बदलायची पद्धत वेगळी. मालक जेव्हा "वॉरंटी आहे" म्हणतो तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा, कशाची? ९९ टक्के वेळा तो इंजिनाबद्दल बोलत असतो आणि हलबद्दल त्याने कधी विचारच केलेला नसतो.

हलचं पटकन उरकतो. आपल्याकडच्या बहुतेक फायबरच्या बोटी लहान यार्डात बनतात, तिथे वॉरंटी म्हणजे बिलावर लिहिलेली एखादी ओळ किंवा मालकाचा शब्द, आणि तो पहिल्या गिऱ्हाईकापुरता. यार्डवाल्याला फोन करून विचारा, ओळखीचा निघाला तर जुनी बोट असली तरी बघून देतो, पण तो त्याचा चांगुलपणा, हक्क नाही. परदेशी बनावटीची बोट असेल तर गोष्ट वेगळी, बॉस्टन व्हेलरसारखी कंपनी हलच्या स्ट्रक्चरवर १० वर्षांची ट्रान्सफर होणारी वॉरंटी देते, पण अशा कंपन्यांच्या अटीही बारीक असतात, कुणी विक्रीनंतर ठराविक दिवसांत फॉर्म मागतं, कुणी डीलरकडून तपासणी आणि फी. आणि स्ट्रक्चर म्हणजे स्ट्रक्चर, वरच्या जेलकोटला म्हणजे चकचकीत थराला फोड आले, रंग उडाला, केसाएवढ्या भेगा पडल्या तर ते त्यात बहुतेक वेळा येत नाही. परदेशी बोट असेल तर मागच्या बाजूला उजवीकडे वरती १२ किंवा १४ अक्षरांचा हल नंबर कोरलेला असतो. अमेरिकन १२ अक्षरी नंबरात पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची, पुढची पाच सीरियलची, नववं अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, दहावा आकडा बनवल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक आणि शेवटचे दोन मॉडेल वर्षाचे. मालक २०२३ ची सांगतोय आणि नंबर २०१९ बोलतोय असं झालं तर चहा पिऊन घरी या.

आता इंजिन. पैसा तिथेच अडकलेला असतो.

वॉरंटी इंजिन बनल्याच्या दिवसापासून नाही, पहिल्या गिऱ्हाईकाला विकल्याच्या तारखेपासून चालू होते, आणि ती तारीख डीलरने कंपनीच्या सिस्टिममध्ये टाकलेली असते. टाकलेली असायला हवी, असं म्हणतो. कधीकधी डीलरने रजिस्टरच केलेलं नसतं आणि मालकाला वाटत असतं की कार्ड कपाटात आहे म्हणजे झालं. ट्रान्समवर म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीवर इंजिन ज्या ब्रॅकेटने बसतं त्या ब्रॅकेटवर सीरियल नंबरची पट्टी असते, तिचा स्वच्छ फोटो काढा. नंबर घासलेला, रंग मारलेला किंवा पट्टीच नाही असं दिसलं तर वॉरंटी सोडा, ते इंजिन कुणाचं आहे हाच प्रश्न.

तो नंबर घेऊन कुठल्याही अधिकृत डीलरकडे जा आणि चार गोष्टी विचारा. विक्रीची तारीख कुठली नोंदलीय, कुणाच्या नावावर, घरगुती वापर म्हणून का व्यावसायिक, आणि उरलेली मुदत माझ्या नावावर होईल का. शेवटचे दोन महत्त्वाचे आणि तेच कुणी विचारत नाही.

मी पण विचारलं नव्हतं, सांगतो. काही वर्षांपूर्वी मी आणि माझ्या मेव्हण्याने मिळून ६० हॉर्सपॉवरचं इंजिन असलेली बोट घेतली, दीड वर्ष वापरलेली, चकचकीत, मालक सज्जन माणूस, वॉरंटी कार्ड, बिल सगळं हातात दिलं. आम्ही खूश. पाच महिन्यांनी पॉवरहेडमधून म्हणजे इंजिनाच्या वरच्या मुख्य भागातून आवाज यायला लागला, मेकॅनिक म्हणाला बेअरिंग, हे वॉरंटीत बसायला पाहिजे, डीलरकडे जा. गेलो. त्या पोराने नंबर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली, इंजिन एका फर्मच्या नावावर, वापर व्यावसायिक, वॉरंटी एक वर्षाची आणि ती आम्ही बोट घ्यायच्या सहा महिने आधीच संपलेली. कार्डावर छापलेली तीन वर्षं घरगुती वापरासाठी होती. मालकाने जीएसटीचा फायदा मिळावा म्हणून बिल फर्मच्या नावाने केलेलं, बोट तो स्वतःच्या मजेसाठीच वापरायचा, त्याला बिचाऱ्याला पण माहीत नव्हतं की त्या एका सहीने त्याची दोन वर्षं गेली. भांडायला तोंडच नव्हतं. मेव्हणा अजून लग्नकार्यात तो विषय काढतो.

तर बिल बघताना त्यावर जीएसटी नंबर गिऱ्हाईकाचा आहे का ते बघा. असला तर डीलरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हा घरगुती आणि व्यावसायिक फरक किती कडक असतो त्याचं उदाहरण देतो. मर्क्युरी या आउटबोर्ड कंपनीच्या फोर-स्ट्रोकचं अमेरिकेतलं वॉरंटीपत्र वाचलंत तर घरगुती वापराला ३ वर्षं आहेत, व्यावसायिक वापराला १ वर्ष किंवा ५०० तास, जे आधी होईल ते. ट्रान्सफरबद्दल लिहिलंय की उरलेली मुदत एका घरगुती गिऱ्हाईकाकडून दुसऱ्या घरगुती गिऱ्हाईकाकडे जाऊ शकते, इंजिन नव्या नावाने पुन्हा नोंदवलं तर. व्यावसायिक माणसाकडून किंवा व्यावसायिक माणसाकडे जाऊच शकत नाही. लिलावात घेतलेलं, भंगारातून घेतलेलं, विमा कंपनीकडून सुटलेलं इंजिन असेल तरी वॉरंटी संपली. तुमचं इंजिन कुठल्या कंपनीचं ते तुम्ही लिहिलं नाहीये, इथल्या कार्डावर आकडे वेगळे असतील, पण साचा साधारण सगळीकडे हाच. ५०० तास म्हणजे ऐकायला खूप वाटतात, रोज चार तास फेऱ्या मारणाऱ्या बोटीचे ते १२५ दिवसांत संपतात.

म्हणून फ्लेमिंगो. चार माणसं पैसे घेऊन नेलीत की तुम्ही व्यावसायिक झालात, महिन्यातून एकदा का असेना. घरगुती म्हणून वॉरंटी नावावर करून घेतली आणि क्लेमच्या वेळी डीलरला पावती पुस्तक किंवा तुमच्या इन्स्टावरची "फ्लेमिंगो राइड, संपर्क करा" अशी पोस्ट दिसली तर ती गेली. शिवाय ठाणे खाडीचा तो पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसर स्थळ झालं, तिथे प्रवासी नेणं हे वनखात्याचा कांदळवन कक्ष, बंदर खातं, प्रवासी परवाना, विमा असं सगळं वेगळं लफडं आहे. माझं ऐकाल तर आत्ताच ठरवा. धंदा करायचा असेल तर वॉरंटीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका कारण ती तुमच्या कामाची नाही. घरच्यांसाठीच असेल तर तिला किंमत आहे.

अजून एक घोळ लोक करतात. मेरीटाईम बोर्डाकडे बोट नावावर झाली म्हणजे वॉरंटी पण झाली असं समजतात, आरटीओसारखं. काही संबंध नाही. बंदर निरीक्षकाला तुमच्या इंजिनाच्या वॉरंटीशी घेणंदेणं नाही आणि कंपनीला तुमच्या रजिस्ट्रेशनशी. विमा तिसरीच गोष्ट, तोही वेगळा नावावर करावा लागतो. बोटीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आधी, बाकी सगळं नंतर.

समजा डीलर म्हणाला की हो, होईल ट्रान्सफर. मग सर्व्हिसची पुस्तकं बघायची. आउटबोर्डला पहिली सर्व्हिस साधारण २० तासांनी आणि मग दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. तासांवर जाऊ नका, आपल्याकडे बोट पावसाळ्यात वर ओढलेली असते, ४० तासच चालली म्हणून मालक सर्व्हिस करत नाही, पण वर्ष तर झालंच ना. वॉरंटीचं घड्याळ जून-जुलैत थांबत नाही. नोंद नसेल तर क्लेमच्या वेळी कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं. तास किती झाले हे मालकाला विचारू नका, डीलरला लॅपटॉप जोडायला सांगा, आताच्या फ्युएल इंजेक्शन इंजिनात एकूण तास, त्यातले किती तास कुठल्या आरपीएमला आणि जुने फॉल्ट हे सगळं निघतं. त्याचा प्रिंट किंवा फोटो घ्या. त्याचे जे काही पैसे घेईल ते द्या, हे पैसे वसूल होतात.

आणि वॉरंटी मिळाली तरी ती कशाला नाही हे ऐकून ठेवा, कारण आपली खाडी म्हणजे खाडी आहे. चिखल, प्लास्टिकच्या पिशव्या, गणपतीनंतरचा निर्माल्याचा थर. पिशवी पाणी खेचायच्या जाळीवर बसली, इंजिन तापलं, हेड वाकलं, ही तुमची चूक धरतात. इम्पेलर म्हणजे पाण्याच्या पंपाचं रबरी चाक, गंज रोखायला लावलेले झिंकचे तुकडे, प्लग, तेल, पंखा ही झिजायची वस्तू. खाऱ्या पाण्याने गंज आला ती देखभाल. म्हणजे जे इथे रोज होतं ते सगळं वॉरंटीच्या बाहेर आणि जे क्वचित होतं ते आत. बोट बघायला जाताना उधाणाच्या ओहोटीला जा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, बोट चिखलात पूर्ण बसते आणि तळ दिसतो, भांगाच्या म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत पाणी पुरतं उतरत नाही आणि मालक म्हणतो "खाली सगळं ओके आहे". गिअर ऑइलचा स्क्रू ढिला करायला लावा, तेल दुधासारखं पांढरट निघालं तर आत पाणी शिरलंय. खाडीतून आल्यावर गोड्या पाण्याने फ्लश करायचा का विचारा, उत्तर द्यायला दोन सेकंद जास्त लागले की समजून जा.

परदेशातून आणलेलं जुनं इंजिन असेल, दुबईवरून वगैरे, तर बहुतेक कंपन्यांची वॉरंटी ज्या भागात विकलं तिथेच चालते. इथला डीलर सुटे भाग विकेल, फुकट बसवणार नाही. कंपनीच इंजिन बनवायची बंद झाली असंही होतं, एव्हिनरूड २०२० मध्ये बंद झालं, कंपनीने वॉरंटी पाळू म्हणून सांगितलं होतं, पण जवळपास बोर्ड लावलेला डीलरच नसेल तर त्या कागदाचं करायचं काय.

पैशांचं असं करा. टोकन द्या, ते मोठं नको. करारनाम्यात इंजिनाचा सीरियल नंबर लिहा, "उर्वरित वॉरंटी खरेदीदाराच्या नावावर करण्यासाठी विक्रेता आवश्यक सह्या व मूळ कागद देईल" ही ओळ घाला आणि मालकाने वॉरंटीसाठी जो भाव वाढवलाय तेवढी रक्कम ट्रान्सफर होईपर्यंत मागे ठेवा. तो चिडला तर चिडू दे, वॉरंटी खरी असेल तर त्याचं जातंय काय. मूळ बिल, वॉरंटी कार्ड, सर्व्हिसच्या पावत्या, त्याचं आणि तुमचं ओळखपत्र, करारनामा, एवढं घेऊन दोघांनी एकत्र डीलरकडे जायचं, तुम्ही एकटे गेलात की तो "जुन्या मालकाला आणा" म्हणून परत पाठवणार आणि तोवर जुना मालक फोन उचलायचा बंद झालेला असतो.

डीलरला फोनवर विचारून सोडू नका, मेल टाका. मी असं लिहितो, कॉपी करा हवं तर: "इंजिन क्रमांक अमुक. विक्रीची नोंदलेली तारीख, नोंदलेला वापर आणि वॉरंटी संपण्याची तारीख कळवा. मी हे घरगुती वापरासाठी घेत आहे. उरलेली वॉरंटी माझ्या नावावर होईल का, त्यासाठी कागद, फी आणि मुदत काय, तपासणी लागेल का?" उत्तर लेखी आलं की ते जपून ठेवा. पुढे कंपनीने हात वर केले तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचे मामले तिथे चालतात, आणि तिथे तुमच्या हातात लेखी काय आहे हेच बघतात. घरगुती वापर असेल तर ग्राहक म्हणून उभं राहणं सोपं, २०१९ च्या कायद्यात व्यावसायिक कारणासाठी घेतलेली वस्तू बाहेर ठेवलीय, फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तर सूट आहे. जुन्या मालकाने तोंडी सांगितलेल्या वॉरंटीवर मात्र तिथे काही होईल असं धरून चालू नका, त्याने स्वतःची जुनी वस्तू विकली, तो काही दुकानदार नाही, तिथे करारनाम्यात काय लिहिलंय तेवढंच.

ट्रान्सफर झाल्यावर डीलरकडून नवं नाव आणि वॉरंटी संपायची तारीख दिसेल असा स्क्रीनचा प्रिंट घ्या. "सिस्टिममध्ये टाकलंय, काळजी करू नका" यावर उठू नका, मी एकदा उठलो होतो.

ब्रॅकेटवरच्या पट्टीचा फोटो आणि बिलाचा फोटो नाव-पत्ता झाकून इथे टाका, गिऱ्हाईकाच्या रकान्यात जीएसटी नंबर आहे की नाही तेवढं दिसू द्या, मी बघून सांगतो. तोपर्यंत टोकन थांबवा, पुढची अमावास्या कधी आहे ते बघून तळ बघायला जाल तेव्हा मेकॅनिक सोबत घेऊन जा.