भिंतीपलीकडचे डोळे आणि गिलक्याचा वेल

"आडोसा केला तर म्हणतील, बघा कशी तोंड लपवते. नाही केला तर मागच्या दारात पाय ठेववत नाही. काय करू?"

शब्द थोडेफार बदलतात, पण हा प्रश्न घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी माणसं मला नवीन नाहीत. इथे लिहिते आहे ती हकीकत अमळनेरच्या एका ताईंची. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

ताई शाळेत शिकवतात. यजमान जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा दहावीला. कॉलनीतलं बैठं घर, मागे छोटं परसदार. तिथे नळ, धुण्याचा दगड, कपड्यांची तार आणि एक खाट. शेजारच्या काकूंच्या आणि यांच्या परसदारामध्ये छातीइतकी भिंत. मागच्या दाराची कडी वाजली की काकू भिंतीशी हजर. "काय वं, आज उशिर ऊठनी?" "रातले कोन येल व्हतं?" तारेवर हिरवी साडी दिसली की तिच्याकडे एकदा आणि ताईंच्या कपाळाकडे एकदा बघायचं. बोलायचं काहीच नाही. ते न बोलणंच ताईंना जास्त लागायचं.

माझ्याकडे त्या मार्चमध्ये आल्या. तोवर कपडे घरात पंख्याखाली वाळत होते, बिबडे (ज्वारीचे पापड) करणं त्यांनी सोडून दिलं होतं, आणि उन्हाळ्यात रात्री बाहेर खाट टाकून झोपणं बंद झालं होतं. जळगाव-धुळ्याकडच्या मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, रात्री घराच्या भिंती तव्यासारख्या तापलेल्या असतात. अशा दिवसांत बाहेरची खाट सोडणं म्हणजे काय, हे खान्देशी माणसाला समजावून सांगायला नको. कडीचा आवाज झाला की पोटात गोळा येतो, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्याच्या घराची कडी वाजली तरी.

आता माझी चूक सांगते. मी त्यांना म्हटलं, आधी बोलून बघा. 'तुम्ही असं करता' असं नको, 'मला असं होतं' असं म्हणा. पुस्तकी सल्ला, पुष्कळ ठिकाणी चालतोही. ताईंनी दोन दिवस तयारी केली आणि काकूंना नीट, हळू आवाजात सांगितलं, "काकू, मागे काम करताना कोणी बघत असलं की मला अवघडल्यासारखं होतं." संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं की मास्तरीणबाईंना शेजारपाजार नकोसा झालाय. पुढच्या वेळी ताई आल्या तेव्हा माझ्याकडे बघतही नव्हत्या. मी माफी मागितली. समोरच्याला ऐकायचंच नसेल, तर आपण कितीही सुंदर वाक्य बोललो तरी ते त्याच्या हातातलं कोलीत होतं. हे मला आधी ओळखता यायला हवं होतं.

मग आम्ही काकूंना बाजूला ठेवलं. त्या बदलतील का, का वागतात, एकट्या पडल्या आहेत का, हे सगळं सोडून दिलं. प्रश्न एवढाच उरला की ताईंना परसदार परत कसं मिळेल.

आडोसा करायचा म्हटल्यावर ताईंची शंका आलीच, "म्हणजे मी घाबरून लपले असंच ना?" मी म्हटलं, आडोसा झाल्यावर तुमचा मागचा वावर वाढतो की घटतो ते बघू. वाढला तर ती तुमची हद्द. घटला, तर मात्र लपणं, आणि मग आपण परत बसू. आणि आडोसा हे काही शहरी खूळ नाही. आपल्याकडे परसदाराला कपाशीच्या पऱ्हाट्यांचं नाहीतर तट्ट्यांचं कूड असायचंच. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातसुद्धा एक उदाहरण दिलं आहे: एखाद्या गावात तशी रूढी असेल, तर शेजाऱ्याच्या खासगी भागावर नजर जाईल अशी नवी खिडकी काढता येत नाही. ताईंना हे इतकं आवडलं की त्यांनी वहीत लिहून घेतलं. कोर्टात जायचं नव्हतंच, नुसता धीर हवा होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. बघणारा पुरुष असेल, अंघोळ करताना किंवा कपडे बदलताना चोरून बघत असेल, मोबाइलवर टिपत असेल, तर वेल लावा असं मी कधीच सांगणार नाही. तो गुन्हा आहे. 2013 पासून त्यासाठी वेगळं कलम आहे, आता ते भारतीय न्याय संहितेत 77 वं. तिथे 112 आणि पोलीस ठाणं.

काम आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर सुरू केलं. भिंतीला हात लावायचा नाही, हे पहिलं ठरलं, कारण भिंत सामाईक होती आणि काकूंना निमित्त द्यायचं नव्हतं. भिंतीपासून दीड फूट आत, आपल्याच जागेत, सात फुटी लोखंडी पाइप सिमेंटमध्ये रोवले. त्यांना बांबूच्या कामट्यांची चौकट, मध्ये वीतभर फट ठेवून. सलग पत्रा ठोकायचा मुलाचा विचार होता. पण मृगाआधीचं वादळ असा पत्रा उचलून नेतं, आणि पत्रा तापला की परसदाराची भट्टी होते. शिवाय पत्रा दिसतो भांडणासारखा. वेल बघून कोण भांडणार?

वेल मात्र एका दिवसात चढत नाही. तोवर काय, हाच खरा अवघड काळ होता. चौकटीला रोपवाटिकेत वापरतात तसली हिरवी जाळी बांधली. काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हाई काय?" ताईंनी ठरल्याप्रमाणे एकच वाक्य म्हटलं, "वेलाला सावली," आणि कपडे वाळत घालत राहिल्या. हे वाक्य आम्ही माझ्या खोलीत आठ-दहा वेळा म्हणून पाहिलं होतं. पुढे खुलासा करायचा नाही, हसायचं नाही, घाईने आत पळायचं नाही. कडी वाजल्यावर पोटात गोळा आला तरी पाच मिनिटं बाहेर थांबायचं, दुसऱ्या आठवड्यात दहा.

पावसाबरोबर गिलक्याच्या (म्हणजे घोसाळ्याच्या) आणि वालाच्या बिया टोकल्या, कायमसाठी दोन टोकांना मधुमालती. मधुमालती रोवल्यावर सुरुवातीला रुसल्यासारखी बसते, नंतर आवरत नाही. फूल पांढरं उमलतं, मग गुलाबी, मग लाल. पण पलीकडे गेलेल्या फांद्या छाटत राहाव्या लागतात, म्हणून ती दीड फुटाची वाट. पाण्यासाठी ठिबकची जुनी नळी मुलाने शेतकरी मामाकडून आणली. श्रावणात गिलक्याने चौकट भरली, पिवळी फुलं आली, जाळी सोडून टाकली.

काकूंनी हार मानली नाही. त्या गच्चीवर जाऊन बघायला लागल्या. ताईंनी मला फोन केला तेव्हा मला वाटलं, झालं, परत पहिल्यापासून. पण त्या हसत होत्या. "मी खाट वेलाखाली सरकवली," म्हणाल्या, "आता त्यांना माझे पायच दिसतात."

डिसेंबरात त्या सहज भेटायला आल्या. गिलक्याचा वेल वाळून गेला होता, मधुमालती जेमतेम कमरेइतकी, म्हणजे मधला सगळा भाग उघडा. मी काळजीने विचारलं, "मग आता?"

"हो की," त्या म्हणाल्या, "आठ-दहा दिवस झाले असतील. काढायचा राहिलाय." पिशवीतून त्यांनी एक वाळकं गिलकं काढलं, अंग घासायला म्हणून माझ्यासाठी आणलेलं. हलवलं तर आत बिया वाजत होत्या. "काकूंनीपण बी मागितलंय," त्या म्हणाल्या. "अजून दिलं नाही."