सुट्टीनंतरच्या पाळीला छाती आवळते आणि पुढ्यात राजीनामा ठेवला आहे

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. हातकणंगले भागातल्या सूतगिरणीत अकरा वर्षं कार्डिंग, म्हणजे कापूस पिंजायच्या, खात्यात काम, कायम कामगार, पगारातून ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात. गेली दोन वर्षं साप्ताहिक सुट्टी संपवून पाळीला गेलात की दोन-तीन तासांत छाती आवळते, कोरडा खोकला सुटतो आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत जरा हलकं वाटतं. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून दवाखान्यात दम्याची औषधं मिळाली. आता टाइम ऑफिसातून टाइप केलेला राजीनामा पुढ्यात आला आहे, ‘घरगुती कारणास्तव’ अशा मजकुराचा. सही केली नाही तर ग्रॅच्युइटी अडकेल, असंही सांगितलंय.

सही करू नका. ग्रॅच्युइटीची भीती मनातून काढून टाका. पाच वर्षांच्या पुढे सलग नोकरी झाली की दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार हा तुमचा हक्क आहे, आणि राजीनामा दिला नाही म्हणून तो कुणी रोखू शकत नाही. त्या कागदातले ‘घरगुती कारणास्तव’ हे दोन शब्द मात्र तुमचं फार मोठं नुकसान करतील. माझ्याकडे एक पक्षकार आले होते, त्यांनी असाच कागद सही करून दिला होता. पुढे आजार कामामुळे झाला असं म्हणायला उभे राहिलो, तेव्हा समोरच्या वकिलांनी तेवढा एकच कागद पुढे केला.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास वाढणं ही कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुप्फुसाच्या आजाराची जुनी, ओळखीची खूण आहे. निदान डॉक्टरांनीच करायचं, मी वकील आहे. पण या आजारात एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छच येतो, हे तुम्हाला माहीत असायला हवं. तो कळतो कामाचा इतिहास नीट विचारून आणि फुंकर मारून श्वासाची ताकद मोजायच्या तपासणीतून, म्हणजे स्पायरोमेट्रीतून. ती सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला जाण्याआधी आणि पाळी सुटल्यावर अशी दोनदा व्हायला हवी. ईएसआयच्या डॉक्टरांना असंच सांगा, आणि केसपेपरवर ‘सूतगिरणी, कार्डिंग, अकरा वर्षं’ एवढं लिहून घेतल्याशिवाय उठू नका. सुरुवातीला धुळीपासून दूर गेलं की हा आजार मागे फिरू शकतो. वर्षानुवर्षं तसंच काम करत राहिलं तर फिरत नाही. म्हणून मी घाई करतोय.

‘दमा’ आणि ‘व्यवसायजन्य आजार’ या शब्दांत पैशाचाही फरक आहे. साध्या आजारपणात ईएसआयकडून पगाराच्या ७० टक्के मिळतात, तेही वर्षात ९१ दिवसांपर्यंत. कामामुळे झालेला आजार ठरला तर काम करता येत नाही तोवर ९० टक्के मिळतात, आणि कायमचं अपंगत्व आलं तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवून पुढचा लाभ देतं. बिसिनोसिस हा विम्याच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. त्यासाठी धुळीत सलग काही वर्षं काम झालेलं असावं लागतं, आणि तुमची अकरा वर्षं इथेच कामी येतात.

आता गिरणीकडे वळू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाना कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आहे. तिच्या कलम ६ प्रमाणे कामाची जागा आजार होणार नाही अशी ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि सुरक्षेसाठी दिलेल्या कशाचेही पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. मास्कचे पैसे कापले जातात असं तुम्ही लिहिलंय, ते बेकायदेशीर आहे. हवा खेळती ठेवणं, तापमान, दमटपणा आणि धूळ यांची मानकं कलम २३ खाली येतात. जुन्या कायद्याच्या परिशिष्टात कच्च्या कापसाच्या धुळीची मर्यादा एक घनमीटर हवेत ०.२ मिलिग्रॅम होती. तुमच्या पापण्यांवर आणि पदराच्या काठावर पाळीअखेर रुईची लव साचते, त्या खात्यात हे मोजमाप शेवटचं कधी झालं ते लेखी विचारा. विचारायचा अधिकार कलम १४ देतं.

उकाड्याबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाही, पण सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद आणि वरून पाण्याचे फवारे, हे मला माहीत आहे. भिंतीवर दोन नळ्यांचा तापमापक असेल, एका नळीच्या बुडाला ओली वात बांधलेला. केंद्राच्या आदर्श कारखाना नियमांत ओल्या नळीवरचं तापमान ३० अंशांच्या वर जाऊ नये असं आहे. वात सुकलेली असेल तर दोन्ही नळ्या सारखंच दाखवतात आणि नोंदवही खोटी ठरते. येता-जाता बघा, तारीख आणि वेळ घरी वहीत टिपा. खात्यात मोबाइल काढू नका, त्याच कारणावरून नोटीस काढतील.

‘काम नाकारू का’ असंही तुम्ही विचारलंय. आपणहून घरी बसू नका, गैरहजेरी लावतील. गंभीर धोका वाटला तर तो मालकाला कळवायचा आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही, हा रस्ता कलम १४ ने दिला आहे. मालकाला पटलं नाही तरी प्रकरण निरीक्षकाकडे पाठवावंच लागतं, आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो. अर्ज साधा लिहा: ‘मी कार्डिंग खात्यात अकरा वर्षं आहे. धुळीमुळे छातीचा त्रास होतो. मला तात्पुरतं धूळ नसलेल्या खात्यात काम द्यावं आणि धुळीची मोजणी करून त्याची प्रत द्यावी.’ एक प्रत गिरणीला देऊन पोच घ्या, दुसरी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कोल्हापूर कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवा. खात्यातल्या आणखी चार-पाच जणींच्या सह्या मिळाल्या तर फार बरं, एकटीवर रोख राहत नाही. शेजारच्या साच्यावर ठेकेदारामार्फत लावलेल्या बायका आहेत असं म्हणता, त्याही तीच धूळ गिळतात. हवेची जबाबदारी गिरणीला ठेकेदारावर ढकलता येत नाही.

निदान झालं की तो आजार संहितेच्या तिसऱ्या परिशिष्टात येतो, आणि कलम १२ प्रमाणे मालकाने आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनीही तो सरकारी यंत्रणेला कळवायचा असतो. डॉक्टरांना हे आदरानेच, पण आठवणीने सांगा.

या सगळ्यावरून कामावरून काढलंच, तर महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली कामगार न्यायालयात ९० दिवसांत तक्रार करता येते. त्या दिवसांची मोजणी मनात नको, कॅलेंडरवर खूण करा.

पुढच्या वेळी टाइम ऑफिसात बोलावलं तर एकटीने जाऊ नका. कागद पुढे केला तर ‘घरी नेऊन वाचते’ म्हणा, आणि नेऊ दिला नाही तर तारीख, वेळ आणि कोण कोण होतं ते त्याच संध्याकाळी वहीत लिहा.