कार्ब हीट ओढल्यावर इंजिन खोकलं तर नॉब परत आत ढकलायचा नाही

तू दोन गोष्टी विचारल्या होत्यास, बाहेर २६ डिग्री असताना सेसना १५२ या छोट्या विमानाच्या कार्ब्युरेटरमध्ये (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) बर्फ कसा काय धरेल, आणि कार्ब हीट (त्यात गरम हवा सोडणारा नॉब) ओढल्यावर इंजिन उलट जास्तच थरथरायला लागलं म्हणून नॉब परत आत ढकललास ते बरोबर का. दुसऱ्याचं आधी सांगतो, कारण तेच जिवावर बेतणारं आहे. अजिबात बरोबर नाही.

अरे, गरम हवा आत गेली की बर्फ वितळतो आणि ते सगळं पाणी इंजिनच गिळतं, वर गरम हवा विरळ म्हणून मिक्स्चर रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), मग खोकणारच ना ते. थोडा वेळ दम धर, आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) आपोआप चढायला लागतो. बर्फ नसेलच तर थोडा पडून तिथेच थांबतो.

मीही हेच केलंय. शिकत होतो तेव्हाची गोष्ट, सप्टेंबरातली सकाळ, रात्रभर पाऊस झालेला. आरपीएम २३०० वर सेट केला होता, थोड्या वेळाने बघतो तर २२००. वाटलं थ्रॉटल सरकला असेल, ढकलला पुढे. परत पडला, परत ढकलला. सर नुसते बघत होते, मग म्हणाले, "अजून किती वेळा ढकलणारेस?" हीट ओढली तर इंजिन असं हललं की माझा हात आपसूक नॉबकडे गेला आणि सरांनी मनगटच धरलं. अर्धा मिनिटही नसेल, पण मला तास वाटला.

आता २६ डिग्रीचं. माठातलं पाणी गार का होतं? तसंच पेट्रोलची वाफ होताना उष्णता ओढली जाते, त्यात व्हेंचुरीत (कार्बच्या अरुंद गळ्यात) हवेचा दाब कमी होतो, आतलं तापमान सहज २०-३० डिग्रीनं खाली येतं. हवा दमट असली की झालं. अमेरिकेच्या एफएएचं (विमान वाहतूक नियामकाचं) पुस्तक तर ३८ डिग्री आणि ५० टक्के आर्द्रतेपर्यंत शक्यता धरतं, आपला पावसाळा त्याच्या पुढेच. आणि डिसेंटला (खाली येताना) सगळ्यात वाईट, कारण थ्रॉटल जवळजवळ बंद, बटरफ्लायच्या (थ्रॉटलच्या झडपेच्या) फटीतच बर्फ धरतो आणि कमी पॉवरवर लवकर कळतही नाही.

म्हणून पॉवर ग्रीन आर्कच्या (आरपीएमच्या डायलवरच्या हिरव्या पट्ट्याच्या) खाली आणायच्या आधीच हीट ओढायची आणि पूर्ण ओढायची, अर्धवट नको, कार्बचं तापमान दाखवणारा गेज नसेल तर अर्धवटपणा महागात पडतो. ती उष्णता एक्झॉस्टवरून येते, इंजिन बंद पडल्यावर ओढून काय उपयोग? गो-अराउंडला (उतरणं सोडून परत वर जाताना) मात्र नॉब आठवणीने आत. जमिनीवर धुळीत उगाच ओढून ठेवू नकोस, ती हवा फिल्टरमधून येत नाही.

१५२ च्या लायकमिंग इंजिनमध्ये कार्ब खालच्या तेलाच्या टाकीला (ऑइल संप) चिकटलेला असतो म्हणून जरा ऊब मिळते, जुन्या सेसना १५० च्या कॉन्टिनेंटल इंजिनला तेवढीही नाही, ते लोक याबाबतीत फार सावध असतात. पण १५२ ला होतच नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

आणि रन-अपला (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत) हीट ओढून आरपीएम जरासुद्धा पडला नाही तर आनंद मानू नकोस, केबल सुटलेली असू शकते, परत फिर आणि इंजिनिअरला दाखव.