वाचक विचारतात : चिमणीतला गंधक, रात्रीचा धूर आणि सहामाही अहवाल

प्रश्न : औष्णिक केंद्रांना धुरातला गंधक काढणारी एफजीडी यंत्रणा बसवण्यातून केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये सूट दिली. एफजीडीमुळे उलट कार्बनच वाढतो, असं सांगतात. खरं काय?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : सूट सरसकट नाही. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतली केंद्रं अ गटात येतात. त्यांना २०२७ अखेरची मुदत आहे. अतिप्रदूषित क्षेत्रं आणि हवेचे निकष न पाळणारी शहरं यांच्याजवळची केंद्रं ब गटात, त्यांचा निर्णय एकेका केंद्रानुसार होणार. उरलेली क गटातली. चिमणीच्या उंचीची अट पाळली की ती मोकळी, आणि देशातले तीन चतुर्थांशांहून जास्त संच याच गटात आहेत. तुमचं चंद्रपूर निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आहे, त्यामुळे तुमच्याकडचा प्रश्न अजून संपलेला नाही.

आता कार्बन. गणित घरी करून पाहण्यासारखं आहे. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण भाराने ताशी सुमारे ३२५ टन कोळसा खातो. त्यात गंधक अर्धा टक्का धरला, तर ताशी सव्वातीन टन सल्फर डायऑक्साइड निघतो. तो पकडायला पाच टन चुनखडी लागते, साडेआठ टनांच्या आसपास जिप्सम तयार होतं आणि चुनखडीतून सव्वादोन टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. पंखे आणि पंप संचाची एक ते दीड टक्का वीज खातात, तिचे आणखी पाच-सात टन धरा. एरवी तोच संच ताशी साडेचारशे टनांवर कार्बन डायऑक्साइड सोडत असतो. म्हणजे वाढ दोन टक्क्यांच्या आसपास. हा मुद्दा खोटा नाही, पण एफजीडी नाकारायला तो पुरत नाही.

दुसरा युक्तिवाद असा, की शहरांतल्या हवेत सल्फर डायऑक्साइड २४ तासांच्या ८० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपेक्षा बराच कमी मोजला जातो. मोजमाप बरोबर आहे, पण पाहायला हवं ते दुसरीकडे. हा वायू हवेत जाऊन अमोनियाशी मिळतो, त्याचे अमोनियम सल्फेटचे कण होतात आणि ते पीएम २.५ मध्ये, म्हणजे फुप्फुसात खोल जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांमध्ये, मोजले जातात, तेही शेकडो किलोमीटर दूर. वायूचा आकडा खाली दिसतो, कणांचा वर. उंच चिमणीने जवळच्या गावाचा त्रास हलका होतो, सल्फेट कमी होत नाही.

एफजीडीविरोधातला सर्वांत दमदार मुद्दा पाण्याचा आहे आणि नेमका तोच कमी ऐकू येतो. ओल्या पद्धतीच्या एफजीडीला ५०० मेगावॉटमागे ताशी शंभर-दीडशे घनमीटर जादा पाणी लागतं. २०१०च्या उन्हाळ्यात इरई धरण आटल्याने चंद्रपूरचे संच बंद ठेवावे लागले होते. तिथे हा हिशेब आधी मांडायला हवा. जुन्या २१० मेगावॉटच्या संचांना सोडियम बायकार्बोनेटची कोरडी फवारणी हा कमी पाण्याचा पर्याय आहे. मात्र मग राखेत सोडियम मिसळतो आणि सिमेंटवाले ती राख घ्यायला कुरकुरतात.

प्रश्न : रात्री चिमणीतून काळा धूर येतो. राख पकडणारं यंत्र मुद्दाम बंद ठेवतात का?
– एक वाचक, जि. नागपूर

उत्तर : आधी धुराचा रंग आणि तो किती वेळ टिकतो ते पाहा. बंद पडलेला संच पेटवताना आधी तेल जाळतात. अर्धवट जळालेलं तेल ईएसपीच्या, म्हणजे विजेच्या दाबाने राख पकडणाऱ्या यंत्राच्या, पत्र्यांवर चिकटून आग लागू नये म्हणून त्या वेळी ईएसपीचा वीजदाब पूर्ण देत नाहीत. काही तास काळा धूर दिसतो आणि भार वाढला की थांबतो.

करडा-पांढरट धूर दिवसचे दिवस दिसत असेल, तर मामला वेगळा. ईएसपीची एक-दोन फील्ड (विजेवर चालणारे कप्पे) बंद असतील, पत्र्यांवर ठोकणाऱ्या हातोड्या अडकल्या असतील किंवा राख साठवणारे खालचे हॉपर तुंबून फील्ड शॉर्ट झाली असतील. आपल्या कोळशात गंधक कमी असल्याने राख विजेला जास्त अडवते आणि पत्र्यांवर उलट ठिणगी पडते, हाही जुना दोष आहे. तक्रारीत ‘धूर येतो’ एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, चिमणीचा क्रमांक, वाऱ्याची दिशा द्या आणि त्या तासांच्या ऑनलाइन मापकाच्या नोंदी मागा. संच चालू होत होता की नाही, हे त्यावरून लगेच कळतं.

प्रश्न : औष्णिक केंद्राचे पर्यावरणाचे कागद ग्रामपंचायतीला मिळतात का?

उत्तर : मिळतात. पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. नवा संच येणार असेल, तर जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत येते आणि पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत ठेवतात. सुनावणीला गणपूर्तीची अट नसते. दहा माणसं आली तरी ती झाली असंच धरतात, म्हणून हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.